मधलं नाव

क्वीन्सटाउन, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

सरिताआत्या,

जय भीम. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगायला लागले तर शेजारचे चिनी आजोबा दार वाजवतील. म्हणून पत्र लिहितेय. दोनदा वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

मला तो सापडला. आपला पाद्री.

गेल्या शनिवारी आमच्या तुआसच्या जहाजांच्या यार्डातल्या एका मुलीचं लग्न होतं, इथल्या एका जुन्या चर्चमध्ये. नवरीला उशीर होता म्हणून मी भिंतीवरच्या पाट्या वाचत फिरत होते. एका खांबामागे पितळी पाटी होती, हिरवी पडलेली. रेव्हरंड आर्थर पेनफोल्ड. आधी मुंबई इलाख्यातल्या पिंपळदरा मिशनात, पुढे मरेपर्यंत याच चर्चमध्ये. आणि खाली लिहिलंय, 'निष्कलंक आयुष्य जगले. अनाथांचे पिता.'

अनाथांचे पिता! आत्या, तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न कसं लागलं ते मला विचारू नकोस, मी पाहिलंच नाही.

नोकरीसाठी मी इकडे निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "तिकडे आपला एक नातेवाईक पुरलाय. सापडला तर चप्पल मार." बाबा कधी विनोद करायचे नाहीत, म्हणून लक्षात राहिलं. त्या नातेवाइकाचे घारे डोळे बाबांपर्यंत आले आणि त्यांपायी बाबांनी जन्मभर काळा चष्मा लावला, घरातसुद्धा. 'साळव्यांच्यात घारे डोळे कुठून आले हो?' हे त्यांना शाळेत विचारलं, कचेरीत विचारलं, आणि माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं. ते मान खाली घालून चहा पीत राहिले. मी आतून पाहत होते. ते मला अजून विसरता येत नाही.

येत्या जूनमध्ये ही पाटी घासूनपुसून समारंभाने परत लावणार आहेत. त्या घराण्यातलं कोणीतरी इंग्लंडहून येणार आहे. मला त्या दिवशी तिथे पुरावा घेऊन उभं राहायचंय. माझ्या खापरपणजीला, सगुणाबाईला, पोटुशी करून हा माणूस पळाला हे त्या सगळ्यांना ऐकवायचंय, आणि ती पाटी उतरवायला लावायचीय. पिंपळदऱ्याच्या चर्चमध्ये याकोबपणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद असणारच. तू नगरला आहेस, तासाभराचा रस्ता. जाऊन नक्कल आण. बाबांसाठी आण.

तुझी,
प्रणिता


नगर
२ मार्च २०२५

प्रणिता,

जय भीम. पत्र पोचलं. तुझे अजून कोंबडीचेच पाय आहेत. इंजिनियर झालीस पण अक्षर सुधारलं नाही.

तुझ्या शब्दाखातर पिंपळदऱ्याला जाऊन आले. तिथले पाळकसाहेब भले आहेत, चहा पाजला. पण जुन्या कागदांना वाळवी लागली होती म्हणे, काही शिल्लक नाही. तेव्हा तो विषय संपला.

घारे डोळे माझेही आहेत. मी त्याच डोळ्यांनी जन्मभर पोरांवर डोळे वटारून गणित शिकवलं. कोणाची टाप नव्हती विचारायची. यादव माझ्या पाठचा, पण हळवा. मनाला लावून घ्यायचा.

सगुणाबाई गरीब गाय होती. पाद्र्याच्या बंगल्यावर झाडलोट करायची. व्हायचं ते झालं, तो निघून गेला, तिने पोर वाढवलं आणि एक दिवस मेली. यात आता तू कोणाला काय ऐकवणार? पितळेच्या पाटीला कसली आलीय लाज? आणि आमच्या आजोबांना, याकोबआजोबांना, त्या माणसाचं नाव घरात काढलेलं चालत नसे. पुढे माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, चर्च सुटलं, तसं ते नावही सुटलं. तू कशाला उकरून काढतेस?

क्षिप्राला मराठी लिहायला शिकव. तिने पाठवलेल्या कार्डावर 'आत्याआजी' ऐवजी 'आट्याआजी' लिहिलंय.

तुझी आत्या


क्वीन्सटाउन
६ एप्रिल २०२५

आत्या,

तू माझ्याशी खोटं बोललीस. तू! शाळेत खोटं बोलणाऱ्याला बाकावर उभं करणारी!

पिंपळदऱ्याच्या पाळकसाहेबांचा नंबर मीच मिळवला. ते म्हणाले, "छे हो, कोणी बाई आल्या नाहीत. आणि वाळवी कुठली? रजिस्टर लोखंडी कपाटात आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी पानाचा फोटो पाठवला. तू का लपवलंस ते आता तरी सांग. कारण मी ते पान वाचलंय आणि वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

सन १८८९. मुलाचं नाव, याकोब आर्थर. आई, सगुणा, अविवाहित, मिशनची मोलकरीण. बापाच्या रकान्यात काही नाही. विधी करणारा, ए. पेनफोल्ड. सगळं त्याच्याच हातचं. स्वतःच्या पोराच्या डोक्यावर पाणी घातलं आणि बापाची जागा कोरी सोडली. काय काळीज म्हणायचं हे!

तो फोटो मी इथल्या चर्चच्या समितीला पाठवला. तिथल्या सेक्रेटरी मिसेस तान यांचं फार गोड उत्तर आलं. म्हणाल्या, त्या काळात नवे ख्रिस्ती लोक आवडत्या मिशनऱ्याचं नाव मुलाला आदराने दुसरं नाव म्हणून ठेवत, 'याकोब आर्थर' हे त्याचं हृद्य उदाहरण आहे. बापाबद्दल या कागदावरून काही सिद्ध होत नाही. मात्र अशा कृतज्ञ कुटुंबातलं कोणी सिंगापुरात आहे याचा त्यांना आनंद झालाय, तर मी समारंभात त्यांच्यासाठी आभाराचे दोन शब्द बोलेन का?

आभाराचे! मी पत्र टेबलावर आपटलं तर क्षिप्रा म्हणाली, "आई, रिलॅक्स लाह."

पण खरं सांगू? माझा राग आता त्याच्यापेक्षा सगुणाबाईवर जास्त आहे. मिसेस तान म्हणतात ते पटतं मला. इथे सगळ्यांची अशी दोन-दोन नावं असतात, काकाचं ठेवतात, डॉक्टरचं ठेवतात. ज्याने तिचं वाटोळं केलं त्याचंच नाव तिने पोराला कौतुकाने दिलं? एवढी लाचार होती ती? त्याच्या पाया पडत होती? मग मी कोणासाठी भांडतेय? गरीब गाय म्हणालीस ते बरोबरच होतं. मला लाज वाटते तिची.

प्रणिता


नगर
२७ एप्रिल २०२५

प्रणिते,

सगुणाबाईची लाज वाटते म्हणालीस. हे वाक्य तू लिहिलं नसतंस तर मी मरेपर्यंत मूग गिळून बसले असते. आता ऐक.

तू मराठीच ना? तुझ्या शाळेच्या दाखल्यावर काय होतं? प्रणिता यादव साळवे. हा मधला यादव कोण? तुझा आवडता डॉक्टर? इतकी वर्षं इंग्रजी फॉर्म भरून भरून तुझं डोकंही इंग्रजी झालंय, म्हणून त्या तानबाईंनी सांगितलं आणि तुला पटलं. आता ते नाव आपल्यासारखं वाच. याकोब आर्थर. पाण्यावर जाणाऱ्या बाईने ऐकलं असतं तसं ऐक.

कळलं?

हे आजोबांनी मला स्वतः सांगितलंय. त्यांना त्यांच्या आईने सांगितलं होतं. पाद्र्याने ठरवलं होतं, पोराचा बाप्तिस्मा गुपचूप उरकायचा. पण त्या रविवारी कलेक्टरचा तळ गावाबाहेर पडला होता, तो आणि त्याची मडम चर्चमध्ये येऊन पहिल्या बाकावर बसले. मागे सगळं गाव. पाद्र्याने पोर हातात घेतलं आणि विचारलं, "या बाळाचं नाव सांगा." सगुणाबाईने तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. शाळेची बाई धर्ममाता म्हणून उभी केली होती, तिला पढवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "याकोब." आणि तिच्या पाठोपाठ सगुणाबाईचा खणखणीत आवाज आला, "आर्थर."

मग मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कलेक्टरची मडम मात्र नवऱ्याकडे बघून गोड हसली, तिला वाटलं काय बाई भक्ती! आणि पाद्री? प्रणिता, तो काही कोरडा गोरा नव्हता. प्रार्थना मराठीत त्यानेच उतरवल्या होत्या, गावाच्या लग्नांत नावं त्यानेच लिहिली होती. मधलं नाव कोणाचं असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नाही म्हणायचं तर का नाही, हे कलेक्टरला सांगावं लागलं असतं. तेव्हा त्याने पाणी घेतलं आणि स्वतःच्या तोंडाने, भर सभेत, उच्चारलं. याकोब आर्थर. नंतर स्वतःच्या हाताने लिहिलं. रकाना कोरा ठेवला त्याने, पण दोन बोटं अलीकडे त्याचाच कबुलीजबाब आहे.

मग मिशनच्या आवारातली पोरं बंगल्याच्या खिडकीखाली येऊन ओरडायला लागली, याकोब आर्थर, याकोब आर्थर. पावसाळा संपायच्या आत त्याने बदली मागून घेतली. तो पळाला म्हणतेस ना? पळाला नाही. तिने पळवला.

आता मी का लपवलं ते. तो गेल्यावर मिशनने तिचं काम काढून घेतलं, खोपटं काढून घेतलं. ते तिने सोसलं. पण आरोळ्या थांबल्या नाहीत. पाद्री गेला आणि पोर राहिलं, तर त्या पोराच्या मागे लागल्या. शाळेत, आठवड्याच्या बाजारात, पार लग्नाच्या वरातीत. आजोबांना ते नाव ऐकलं की घाम फुटायचा, म्हातारपणीसुद्धा. त्यांनी आईला एकदा विचारलं होतं, "त्याला मारलंस ते बरं केलंस, पण मला कशाला हत्यार केलंस?" ती म्हणाली, "माझ्या हातात तूच होतास रे." आणि रडली. हे सांगताना आजोबाही रडले आणि माझ्याकडून शपथ घेतली, की ते नाव आपल्या घरातलं कोणी पुन्हा चारचौघांत उच्चारणार नाही.

तर आता तुझं तू बघ. तिथे उभी राहून पान वाचशील, तर बदला मिळेल. आणि आजोबांना पुन्हा एकदा बाजारात उभं करशील. मी तुला जा म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही. पण सगुणाबाईला लाचार म्हटलंस ते शब्द मागे घे.

आत्या


क्वीन्सटाउन
१५ जून २०२५

आत्या,

शब्द मागे घेतले. पत्र वाचून मी किचनमध्ये उभ्या उभ्या हसले आणि मग खूप रडले. सगुणाबाईसाठी हसले, पणजोबांसाठी रडले. क्षिप्राला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शी इज अ बॉस, आई."

मला एकच गोष्ट कळेना. तो इथे आल्यावर सुखात जगला का? पाटीवरून तरी तसंच वाटतं. म्हणून मी मिसेस तानना विचारून या चर्चची जुनी रजिस्टरं बघायला गेले. लग्नं बघितली. त्याची सही, त्याची सही, त्याचीच सही. दफनं बघितली, तेच. मग बाप्तिस्मे काढले. आत्या, त्याची एकही सही नाही. त्याने इथे पाय ठेवल्यापासून मरेपर्यंत एकही नाही. प्रत्येक वेळी धाकट्या पाद्र्याची. मिसेस तान म्हणाल्या, "हो, ते प्रसिद्धच आहे. फार नम्र होते ते, लहानग्यांना आशीर्वाद देण्याचा मान ते नेहमी दुसऱ्याला द्यायचे." मी पान हातात धरून बसले. नम्र! पुन्हा कोणाही आईसमोर 'या बाळाचं नाव सांगा' म्हणायची त्याची छाती झाली नाही. सगुणाबाईने समुद्रापार त्याचा गळा धरून ठेवला होता, आणि तिला बिचारीला ते कधी कळलंही नसेल.

काल समारंभ झाला. मी तुझी पैठणी नेसले होते. पर्समध्ये पानाची प्रिंट होती, आणि खरं सांगते, व्यासपीठावर चढेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. पाटी लखलखत होती. माझ्या आधीच्या माणसाने ती नम्रतेची गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझे आभाराचे दोन शब्द.

मी म्हटलं, "रेव्हरंड पेनफोल्ड यांनी इथे बाप्तिस्मा का दिला नाही, ते मला माहीत आहे. त्यांच्या बंगल्यावर काम करणाऱ्या माझ्या खापरपणजीने भर चर्चमध्ये त्यांना एक नाव सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी कधीच कोणाला नाव विचारलं नाही. ते नाव मी इथे घेणार नाही, कारण ज्याचं ते होतं त्याला त्याचा फार त्रास झाला. पण या पाटीवर जे लिहिलंय ते खोटं आहे. ते लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं, रेव्हरंड पेनफोल्डना माहीत होतं." आणि खाली आले. कोणी टाळी वाजवली नाही. ऑर्गनवाल्याने घाईघाईने काहीतरी वाजवायला घेतलं.

चहाच्या वेळी तो आला. इंग्लंडहून आलेला, ह्यू पेनफोल्ड, ऐंशीच्या घरातला, हातात काठी. आत्या, त्याचे डोळे. बाबांनी चष्मा काढल्यावर दिसायचे तेच. एकदा वाटलं, त्याचा हात धरून सगळं सांगून टाकावं.

तो म्हणाला, "तुम्ही बोललात ते खरं असणार. माझ्या आजोबांनी लिहून ठेवलंय, की आमच्या पणजोबांनी स्वतःच्या मुलांच्या बाप्तिस्म्यालासुद्धा चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, बाहेर व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. आमच्या घरात हे कोडं कोणालाच सुटलेलं नाही. मी जन्मभर विचार करतोय." मग त्याने खिशातून कागद काढला. मिसेस ताननी त्याला रजिस्टरच्या पानाची प्रत दिली होती. त्याने 'याकोब आर्थर'वर बोट ठेवलं. "हेच ते नाव, हो ना? पण यात भिण्यासारखं काय आहे? हा तर सन्मान झाला. माझंही दुसरं नाव आर्थर आहे. आमच्या घरात प्रत्येक थोरल्या मुलाचं असतं, त्यांच्या सन्मानार्थ."

मी गाल आतून चावला. म्हटलं, "छान नाव आहे."

"मला सांगणार नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. लिटल इंडियात जाऊन कोणाही मराठी माणसाला विचारलं असतं तर त्याला चहा संपायच्या आत उत्तर मिळालं असतं. पण त्याला ते सुचणार नाही. त्याला वाटतं उत्तर कुठल्या तरी रजिस्टरात आहे. पाटीचं काय करायचं ते समिती आता ठरवणार आहे, आणि मला त्याची फारशी पर्वा उरलेली नाही.

रात्री त्याचा ईमेल आला. आज सकाळी दुसरा आला. फार सभ्य लिहितो, माणूस भला वाटतो. मी काय करू?

प्रणिता


नगर
४ जुलै २०२५

प्रणिता,

जय भीम. पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, आजोबांच्या फोटोसमोर. सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि त्यांचं नाव तोंडातून काढलं नाहीस, हे ऐकून ते काय म्हणाले असते मला माहीत नाही. मी मात्र पदर डोळ्यांना लावून बसले होते. यादव असायला हवा होता. त्याने चष्मा काढून तुझ्याकडे बघितलं असतं.

ह्यू आर्थर हे वाचून मात्र मला ठसका लागला. त्यांच्या घरातला प्रत्येक थोरला मुलगा पोथी वाचावी तसा तोच कबुलीजबाब देतोय! शेजारची प्रमिला पाणी घेऊन धावली. तिला काय सांगणार होते मी?

पावसाने इथे दडी मारलीय. पाळकसाहेबांना भेटायला आता खरोखरच जाऊन आले, आणि खोटं बोलल्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्यांनी रजिस्टर दाखवलं. मी त्या शाईवर बोट ठेवून उभी राहिले. 'आर्थर'चं शेवटचं अक्षर पार रेघेबाहेर गेलंय गं. फोटोत तुला दिसलं नसेल.

तू विचारतेस काय करू. म्हाताऱ्याचे ईमेल येत राहतील, आणि तुझा जीव कधीतरी हळवा होईल, कारण तू यादवची मुलगी आहेस. म्हणून आत्ताच सांगते. तो भला असेल. आमचे आजोबाही भले होते. उत्तर देऊ नकोस.

तुझी आत्या